सांधेवाली आणि सहा चाकं

तिला सगळे सांधेवाली म्हणत. नवा माणूस हे नाव ऐकून हमखास फसायचा. दुकानात शिरून गुडघा पुढे करणाऱ्या तिघाचौघांना तिने आजवर परत पाठवलं होतं. "हाडांचे सांधे पलीकडच्या गल्लीत, दवाखान्यात. इथे पट्ट्यांचे."

पट्टे म्हणजे कारखान्यांत, गोदामांत, विमानतळावर माल वाहणारे लांबलचक रबरी पट्टे. ते तुटले की दोन्ही टोकं तासून, डिंक लावून, गरम दाबाखाली अशी एकजीव करायची की वरून बोट फिरवलं तरी जोड हाताला लागू नये. एकोणिसाव्या वर्षी ती या दुकानात कातरण झाडायला लागली आणि एक्कावन्नाव्या वर्षी दुकानातला एकही अवघड जोड तिच्याशिवाय होत नव्हता. मालकसुद्धा गिऱ्हाइकाला सांगायचा, "बाईंना विचारून सांगतो."

तिचा राग नाकावर असतो असं लोक म्हणत. ते तितकंसं खरं नव्हतं. नाकावरचा राग शिंकेसारखा येतो आणि जातो. हिचा मुक्कामाला होता.

त्याला एक जुनं कारण होतं. एकोणतीस वर्षांची असताना ती एका खोकी भरणाऱ्या कारखान्यात जोड करायला गेली होती. तिथे एक चढता पट्टा होता आणि चढावर खोकी मागे घसरायची. कारखान्याचा इंजिनिअर पट्ट्याचा वेग वाढवत बसला होता. वेग वाढवला की खोकी आणखी जोरात घसरायची. अर्धा दिवस हे बघून ती म्हणाली, "साहेब, पट्ट्याचं तोंड गुळगुळीत झालंय. खडबडीत तोंडाचा पट्टा घाला, म्हणजे खोकी धरून ठेवेल." इंजिनिअर हसला. चार माणसांना ऐकू जाईल असं हसला. तीन महिन्यांनी तिला पुन्हा बोलावणं आलं. चढावर खडबडीत तोंडाचा नवा पट्टा होता, आणि भिंतीवर इंजिनिअरचा बक्षिसाची ढाल घेतलेला फोटो होता. त्या फोटोखाली उकिडवं बसून तिने नव्या पट्ट्याचा उललेला जोड पुन्हा केला. चांगलाच केला, कारण वाईट जोड करणं तिच्या हातांना जमत नसे. तिला जास्त चीड त्याचीच होती.

ती धाकट्या बहिणीच्या घरात वरच्या खोलीत राहायची. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची हिंमत घरात कुणाची नव्हती. बहिणीची मुलगी मात्र तिच्या अंगाखांद्यावर वाढली होती. ही भाची आता तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. एका संध्याकाळी ती चहाचा कप घेऊन वर आली आणि म्हणाली, "मावशी, तुझ्याकडे रबराचा एखादा जाडसर तुकडा पडलाय का?"

"कशाला?"

"आमच्या रोबोच्या चाकांना. स्पर्धेचं मैदान कार्पेटचं असतं. आमचा रोबो तिथे नुसता घसरतो. समोरच्याने ढकललं की दाराजवळच्या पायपुसण्यासारखा सरकत जातो."

"चाकं कसली आहेत?"

"कडक प्लास्टिकची, वर रबराची बारीक कडी. सरांनी हिशोब करून मागवलीत. लॅबमध्ये छान पकडतात."

"लॅबमध्ये खाली काय आहे?"

"फरशी."

सांधेवालीने कप खाली ठेवला. "स्पर्धा कार्पेटवर, आणि तुम्ही चाकं तपासली फरशीवर?"

भाचीने खाली ठेवलेला कप उचलला. मावशीच्या आवाजाला धार आली की गप्प राहायचं, हे ती लहानपणीच शिकली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सांधेवाली एक पोतं घेऊन स्वतः कॉलेजात गेली. लॅबच्या कोपऱ्यात कार्पेटचा दोन हात रुंद तुकडा टाकलेला होता. मुलांनी, म्हणजे दोन मुली आणि तीन मुलगे असा तो संघ होता, तिला रोबो दाखवला. पन्नासेक किलोचं चौकोनी धूड, खाली सहा चाकं. तिने कार्पेटवर गुडघे टेकले, लव एकदा या बाजूने चोळली, एकदा त्या बाजूने, आणि मग चाकावरून अंगठा फिरवला.

तेवढ्यात सर आले. चाळिशीतला माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, हातातलं पोतं पाहिलं आणि सहज म्हणाले, "मावशी, साफसफाई नंतर करा. आत्ता काम चालू आहे."

सांधेवाली सावकाश उठली.

"मी हिची मावशी," ती भाचीकडे बोट करून म्हणाली. "तुमची नाही. तुमची चाकं का घसरतात ते बघायला आलेय."

सर ओशाळले, माफी मागितली, आणि लगेच फळ्याकडे वळून तिला घर्षणाचं गणित समजावू लागले. ती ऐकून घेत होती. ऐकताना तिच्या मानेची शीर उडत होती, ती फक्त भाचीला दिसत होती. गणित संपल्यावर तिने विचारलं, "यात कार्पेटची लव कुठे आली?"

"लव धरलेली नाही. पृष्ठभाग सपाट मानला आहे."

"का मानला?"

सर फळ्यावरचं गणित पुन्हा वाचू लागले.

"हे गवतासारखं असतं," ती मुलांना म्हणाली. "गवतावर गुळगुळीत तळाची चप्पल घालून चढा, घसरणारच. चाक लवेच्या टोकांवर तरंगतंय. त्याला लवेत घुसायला दात पाहिजेत. पण मऊ दात. कडक घातलेत तर कार्पेट फाडाल."

पोत्यातून तिने चढत्या पट्ट्याचा खडबडीत तुकडा काढला. वर रबराचे बारीक, वेडेवाकडे उंचवटे, खाली विणलेलं कापड, म्हणजे रबर ताणलं जाणार नाही. तिने रोबोला दोरीने खांबाशी बांधलं, मध्ये दुकानातून आणलेला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवला आणि आधी जुन्या चाकांवर ओढायला लावलं. काटा चोवीस किलोपाशी थांबला आणि चाकं जागच्या जागी गरगरली. मग तिने सहा पट्ट्या कापल्या, टोकं तिरकी तासली, चाकांवर गुंडाळून डिंकाने जोडल्या आणि दुसऱ्या दिवशी वाळल्यावर पुन्हा ओढायला लावलं. काटा चोपन्नावर गेला. दोरी करकरली. मुलांनी एकमेकांकडे बघितलं. सरांनी काटा उलटसुलट करून पाहिला, जणू काट्यातच काही खोट असावी.

पण काम तिथे संपलं नाही. पकड इतकी वाढली की रोबोला वळताच येईना. वळायला लावला की उड्या मारायचा, आडमुठ्या बैलासारखा. सहाही चाकं कार्पेट धरून बसली होती आणि आडवी घसरायला तयार नव्हती. सांधेवालीने दोन दिवस डोकं खाजवलं. तिचे पट्टे आयुष्यभर सरळ गेले होते, वळण्याची विद्या तिच्यापाशी नव्हती. तोड भाचीने काढली. मधली दोन चाकं तीन मिलिमीटर खाली घ्यायची, म्हणजे रोबो वळताना मधल्या चाकांवर तोलला जातो आणि कोपऱ्यातली चाकं हलकी होतात. तसं केलं आणि तो भोवऱ्यासारखा फिरला.

"हे कुणाचं?" सर आत येत म्हणाले.

"हिचं," सांधेवालीने ताबडतोब सांगितलं. "डोकं हिचं. मला नव्हतं सुचलं." भाचीचे कान लाल झाले.

राहिला प्रश्न पट्टी चाकाला धरून ठेवण्याचा. नुसत्या डिंकावर ढकलाढकलीत भरवसा नाही. तिने उंचवट्यांच्या मधल्या खळग्यांत भोकं पाडली, त्यांतून नायलॉनच्या पट्ट्या ओवल्या आणि गाठी चाकाच्या आतल्या बाजूला घेतल्या. बाहेर काही दिसायला नको, टोचायला नको. सरांनी विचारलं, "स्क्रू का नाही लावत? जास्त मजबूत होईल."

"रबर वजनाखाली दबतं. स्क्रू दबत नाही. स्क्रूचं डोकं वर येईल आणि कार्पेटचे धागे ओढेल. लोखंड अजिबात लावू नका."

"बरं," सर म्हणाले.

स्पर्धेच्या दिवशी तिने रजा घेतली. एका मोठ्या बंदिस्त सभागृहात मैदान आखलेलं होतं, सगळं करड्या कार्पेटचं, आणि भोवती चढत जाणाऱ्या खुर्च्या. ती चौथ्या रांगेत बसली. मांडीवर हत्यारांची पिशवी होती. का आणली ते तिलाही सांगता आलं नसतं. हाताला सवय होती.

पहिल्या सामन्यात रोबो सुरेख सुटला. तीन खोकी ढकलून आपल्या चौकटीत नेली. मग समोरच्या रोबोशी टक्कर झाली, दोघं एकमेकांना रेटू लागले, आणि अचानक पंचाने शिट्टी वाजवून खेळ थांबवला. भाचीच्या रोबोखालून कार्पेटचा एक धागा सुटून लांब आला होता. मागे वीतभर चीर पडली होती.

सांधेवालीला खुर्चीतूनच कळलं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, हे तिला त्या क्षणी अक्षरशः जाणवलं. ती पायऱ्या उतरून दुरुस्तीच्या टेबलांकडे गेली. दारातल्या माणसाने अडवलं. "फक्त संघातल्या लोकांना प्रवेश आहे."

भाची धावत आली. "त्या आमच्यातल्याच आहेत," ती म्हणाली, आणि त्याने वाट दिली.

रोबो टेबलावर उलटा होता. नायलॉनच्या पट्ट्या काढलेल्या, आणि त्यांच्या जागी प्रत्येक चाकावर चार-चार, असे चोवीस चकचकीत स्क्रू. सकाळच्या तपासणीत ते रबराच्या बरोबरीने बसलेले दिसले होते, म्हणून कुणी हरकत घेतली नव्हती. वजन आणि रेटा आल्यावर रबर दबलं आणि डोकी वर आली. जसं तिने सांगितलं होतं, अगदी तसंच. बरोबर ठरल्याचा तिला काडीचाही आनंद झाला नाही.

"हे कुणी लावले?"

मुलांनी सरांकडे पाहिलं. मग सर म्हणाले, "मी लावून घेतले. काल. सुरक्षिततेसाठी."

"कुणाला विचारून?"

"हे बघा, मी या संघाचा मार्गदर्शक आहे."

"मग मार्ग दाखवा," ती पिशवी उघडत म्हणाली. "तो टॉर्च घ्या आणि इकडे धरा."

पंचांनी पस्तीस मिनिटं दिली होती. तेवढ्यात चाकं दुरुस्त झाली नाहीत तर संघ बाद. तिने एका मुलाला स्क्रू काढायला लावलं, भाचीला नायलॉनच्या पट्ट्या ओवायला बसवलं आणि स्वतः फाटलेल्या भोकांवर रबराची ठिगळं बसवू लागली. हात चालत होते आणि तोंडही. ती ओरडत नव्हती. दातांत शब्द धरून बोलत होती. "बत्तीस वर्षं. बत्तीस वर्षं हेच बघतेय. 'बरं' म्हणायचं आणि पाठ फिरली की आपलंच खरं करायचं. टॉर्च हलवू नका. नको वाटलं तर तोंडावर सांगा ना. भांडा. मी भांडायला तयार आहे. खाली धरा, खाली." सरांच्या कपाळावर घाम होता. टॉर्च मात्र त्यांनी शेवटपर्यंत नीट धरला, हे मान्य करायला हवं.

दुसऱ्या सामन्यात समोर जवळजवळ दीडपट दिसणारा रोबो होता. त्याने येऊन धडक दिली आणि रेटायला सुरुवात केली. भाचीचा रोबो जागचा हलला नाही. समोरच्याचीच चाकं कार्पेटवर गरगरत राहिली आणि त्यांचा आवाज सभागृहभर ऐकू येत होता. मग आपला रोबो हळूच पुढे निघाला आणि त्या धुडाला मागे लोटत रेषेपार घेऊन गेला. खाली कार्पेटवर एक धागाही उसवला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सांधेवालीने वाजवल्या नाहीत. ती चाकांकडे बघत होती.

तिसरा सामनाही जिंकला. चौथ्यात मोटारीची साखळी तुटली आणि संघ बाहेर पडला. ते चालतं. साखळ्या तुटतात.

खरं बिघडलं ते त्यानंतर. तांत्रिक बक्षिसासाठी तीन परीक्षक टेबलाटेबलाने फिरत होते. पुढे सर उभे राहिले, त्यांच्यामागे पाच मुलं. सांधेवाली चार पावलांवर हत्यारं पुसून पिशवीत ठेवत होती.

"ही पकड तुम्ही कशी मिळवली?" परीक्षकांतल्या एका वयस्क बाईंनी विचारलं.

"रबराच्या अनेक नमुन्यांचा आम्ही अभ्यास केला," सर म्हणाले. "कार्पेटची लव गणितात धरली. मधली चाकं खाली घेण्याची रचना आमची आहे."

"आणि हे जोड? फार सफाईदार आहेत."

"त्यात आमच्या इथल्या एका मावशींनी थोडी मदत केली."

सांधेवालीने सरांकडे पाहिलंच नाही. असले सर तिने पाहिले होते. तिने भाचीकडे पाहिलं. भाची आपल्या बुटांकडे बघत होती. मधल्या चाकांची युक्ती तिची स्वतःची, तीसुद्धा 'आमची' झाली होती, आणि तरी ती बुटांकडे बघत होती.

सांधेवाली पुढे आली. आवाज चढवला नाही. "बाई, तुम्ही जोडांचं विचारलंत. माझे आहेत. ते तिरके का कापलेत, एवढं फक्त या सरांना विचारा."

परीक्षक बाईंनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "दिसायला... म्हणजे मजबुतीसाठी."

"तुम्ही सांगा," बाई तिला म्हणाल्या.

"सरळ कापला तर अख्खा जोड एकाच वेळी जमिनीला लागतो. प्रत्येक फेरीला ठोका बसतो आणि तिथेच तो उलतो. तिरका कापला की भार थोडा थोडा करून येतो. आणि चाकं खाली घ्यायचं डोकं या मुलीचं. तिला बोलायचं नसेल तर नसू दे, पण आहे तिचं."

एवढं बोलून तिने पिशवी उचलली आणि ती निघाली. बसमधून उभ्यानेच घरी आली. बसायला जागा होती, पण तिला बसवेना.

बक्षीस दुसऱ्या संघाला गेलं. परीक्षकांसमोर तमाशा झाल्यामुळे गेलं, असं सर म्हणाले. संघातल्या दोघांनाही तसंच वाटलं. बहीण जिना चढून वर आली आणि दारातूनच म्हणाली, "तुला काय गरज होती गं? तिचे गुण त्यांच्या हातात आहेत."

"माझी जीभ माझ्या हातात आहे."

"तू बोलून मोकळी होतेस. निस्तरायचं आम्ही."

"बत्तीस वर्षं न बोलता निस्तरलं मी. काय मिळालं, सांग."

बहीण खाली गेली. पंधरा दिवस घरात भांडी जरा जोरात आपटली जात होती. भाची जिन्यात दिसली की भिंतीला चिकटून वाट द्यायची. सांधेवालीही न थांबता वर जायची. सरांवरचा राग तिला पचवता येत होता, तो सवयीचा होता. भाचीवरचा नवा होता.

सोळाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, भाची दुकानात आली. दाबयंत्र चालू होतं. ती त्याच्या बाजूला उभी राहिली.

"मावशी, मी घाबरले होते."

"माहितीये."

"मग?"

"घाबरलीस त्याचा राग नाही. मीही त्या फोटोखाली घाबरूनच बसले होते." हा फोटो कुठला, ते भाचीला माहीत नव्हतं. सांधेवालीने हातातलं काम न थांबवता तिला कारखान्याची सगळी हकीकत सांगितली. घरात ती तिने आजवर कुणाला सांगितली नव्हती. "त्या दिवशी माझ्या बाजूने बोलायला कुणीच नव्हतं. स्पर्धेत मात्र तू होतीस. तरी बोलली नाहीस. राग त्याचा आहे, आणि तो लगेच जाणार नाही. उगाच वाट बघू नकोस."

भाचीने मान हलवली. डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत. मग म्हणाली, "मी काल सरांना लिहून दिलं. चाकांचं काम कुणाचं, जोड कुणाचे, स्क्रू कुणी लावले. विभागप्रमुखांनाही प्रत दिली."

"काय म्हणाले?"

"सर काहीच म्हणाले नाहीत. माझ्याशी बोलणं बंद केलंय. पुढच्या वर्षी संघात घेतील असं वाटत नाही."

सांधेवालीने दाबयंत्राचा काटा बघितला, घड्याळ बघितलं. मग कोपऱ्यातल्या कातरणाच्या ढिगातून खडबडीत पट्ट्याची दोन टोकं उचलून तिने भाचीपुढे टाकली आणि तासायची सुरी तिच्या हातात दिली.

"तिरका काप. अंगठा पात्यापासून लांब."

पहिला जोड ओढताच सुटला. दुसरा वाकडा झाला. तिसऱ्यात डिंक जास्त झाला. सांधेवाली प्रत्येक वेळी दोन्ही टोकं धरून खसकन ओढायची आणि न बोलता परत तिच्यापुढे टाकायची. मालक मध्येच डोकावला आणि काही न विचारता निघून गेला. दुकान बंद व्हायच्या वेळेला आठवा जोड झाला. सांधेवालीने तो ओढला, पाय लावून ओढला, वरून बोट फिरवलं.

"बोटाला लागतोय," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी लवकर ये."